रविवारची सडक

आमच्या घरी रविवारी मटण होत नसे, सडक होत असे. वर्ध्याच्या आमच्या मोहल्ल्यात सकाळी घराघरांतून पाट्यावर मसाला वाटल्याचा आवाज यायचा, खोबरं भाजल्याचा वास कुंपणं ओलांडून आमच्या अंगणात यायचा, आणि त्याच वेळी माझे वडील, म्हणजे बाबूजी, पायात कॅनव्हासचे बूट चढवून, खांद्यावर पाण्याची सुरई अडकवून, हातात एक लोखंडी सळाख घेऊन फाटकात उभे असायचे. ही सळाख म्हणजे त्यांची विद्या. जुनी मोटार सडक जिथून गेली असेल तिथे काळ्या मातीत ती खुपसायची आणि कान देऊन ऐकायचं. नुसती माती असली की सळाख मुकाट आत जायची. खाली गिट्टी, म्हणजे रस्त्याची खडी, दबलेली असली की खर्र असा आवाज यायचा. तो खर्र आवाज आला की बाबूजींच्या चेहऱ्यावर जे तेज चढायचं ते माझ्या मॅट्रिकच्या निकालालाही चढलं नाही. निकाल तसा फार तेजस्वी नव्हता हेही खरं.

कोणे एके काळी आंजीकडून नाचणगावच्या अंगाला एक कच्ची मोटार सडक जायची. तिच्यावरून कुण्या शेठची एक मोटार दिवसातून एकदा जायची आणि एकदा यायची. पुढे दुसरीकडून डांबरी रस्ता झाला, मोटार बंद पडली, सडक ओस पडली. मग पावसानं तिचा एक भाग खाल्ला, बाभळींनी दुसरा, आणि उरलेला आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या वखरांनी सन्मानपूर्वक पोटात घेतला. जगात एवढ्या गोष्टी बुडाल्या, त्यात एक सडक बुडाली, असं कुणीही शहाण्या माणसानं म्हटलं असतं. बाबूजी बांधकाम खात्यात नोकरीला होते, त्यामुळे दिवसा सरकारच्या नव्या रस्त्यांचे कागद हलवायचे आणि सुटीच्या दिवशी जुना रस्ता शोधायचा, असा त्यांचा दुहेरी संसार होता. तिसरा संसार आमचा. त्याचा नंबर नेहमी शेवटी लागायचा.

मोहिमेचे शिपाई दोन. माझी थोरली बहीण शोभाताई आणि मी. आई डब्यात ज्वारीच्या भाकरी, कोरडं पिठलं, मिरचीचा ठेचा आणि कांदे भरून द्यायची आणि वर म्हणायची, तिकडे सापबीप निघाला तर बाबूजींना आधी पुढे करा, त्यांचं साऱ्यांशी जमते. एसटीनं आंजीपर्यंत जायचं, तिथून पायपीट. बाबूजी आम्हाला शिकवायचे. पांदण आणि सडक यांत फरक कसा ओळखायचा. बैलगाड्यांनी झालेली पांदण खोल जाते, वाकडी जाते, जिकडे सोयीचं तिकडे वळते. मोटारीची सडक सरळ आणि जरा उंच असते. कडुलिंबाची झाडं एका रांगेत दिसली की माणसानं लावलेली समजायची. आणि उभ्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या शेतात मधूनच एक पट्टा खुरटा दिसला, तर शेतकऱ्याला नावं न ठेवता खाली गिट्टी आहे असं धरायचं. हे ज्ञान मला आयुष्यात पुढे कुठेही उपयोगी पडलं नाही. शाळेत भूगोलाच्या पेपरात एकदा लिहिलं होतं, तर मास्तरांनी लाल रेघ मारली.

परवा नागपूरहून चारपाच जण माझ्याकडे आले होते. पाठीवर पिशव्या, डोक्यावर गोल टोप्या, एकाजवळ उडतं यंत्र. जुन्या वाटा शोधणारा त्यांचा गट आहे म्हणे, आणि ही सडक आता 'वारसा' झाली आहे. बाबूजींच्या काळी तिला खूळ म्हणत. त्यांनी आकाशातून फोटो काढले, नाल्यांवरचे रपटे, म्हणजे ते बुटके दगडी पूल, मोजले, मैलाचे दगड शोधले. सगळे सापडले, फक्त अठरावा बेपत्ता आहे, आजी, तुम्हाला काही ठाऊक आहे का, असं विचारलं. मी त्यांना आणखी एकेक कप चहा दिला.

तर तो अठरावा मैल. बाबूजींचंही घोडं तिथेच अडलं होतं. एकेक दगड त्यांनी कुठून कुठून हुडकून काढला होता. एक नाल्यात उपडा पडलेला, एक शेताच्या धुऱ्यावर बांधाची खूण म्हणून रोवून ठेवलेला, एक कुणाच्या तरी न्हाणीत कपडे धुवायला. सतरावा सापडला, एकोणिसावाही सापडला. मधला एक राहिला तर राहिला, असं आम्ही म्हणायचो. ताई तर एकदा म्हणाली, बाबूजी, सतराच्या पुढे आणि एकोणीसच्या मागे अठराच असणार, त्यात शोधायचं काय? ते रागावले नाहीत. डबा अर्धा टाकून उठले आणि एकटेच पुढे चालायला लागले. इतर दगड त्यांना हवे होते. अठरावा त्यांना पाहिजेच होता. ह्यातला फरक तेव्हा आम्हाला कळला नाही, आणि त्यांनीही सांगितला नाही. आमच्या घरात जिव्हाळ्याच्या गोष्टी सांगण्याची पद्धत नव्हती. डाळीत मीठ कमी आहे एवढंच मोकळेपणानं बोललं जायचं. त्यांची आई त्यांच्या लहानपणीच वर्ध्याच्या दवाखान्यात वारली आणि ते हिंगणघाटला मामाकडे वाढले, ह्यापलीकडे त्यांच्या बालपणाविषयी मला एक वाक्यही ठाऊक नव्हतं.

बाबूजींना दोन सवयी होत्या आणि दोन्ही लग्नाच्या घरात परवडण्यासारख्या नव्हत्या. एक, ते देवाला हात जोडत नसत. देवळात गेलेच तर सावलीसाठी, आणि तिथेही मूर्तीकडे पाठ करून बसत. दुसरी, खरं ते बोलून टाकायचं, आणि तेही नेमक्या वेळी. ताईसाठी पहिलं स्थळ आलं तेव्हा आम्ही त्यांच्या घरी गेलो होतो. चांगलं घर, पोहे उत्तम, मुलगा नाकीडोळी नीटस. सगळं जमत आलं होतं. बाबूजींनी खिडकीतून गोठा बघितला, उठून बाहेर गेले, गोठ्याच्या भिंतीवरून हात फिरवला आणि परत येऊन मुलाच्या वडिलांना अभिनंदन केल्याच्या सुरात सांगितलं की तुमच्या गोठ्याची भिंत जुन्या सडकेच्या रपट्याच्या दगडांची आहे, सरकारी दगड, ओळखला मी. त्यानंतर चहा आलाच नाही. परतीच्या एसटीत आई खिडकीकडे तोंड करून बसली. बाबूजी मात्र खुशीत होते. हरवलेला रपटा सापडला होता.

त्या स्थळाचं ताईला काही वाटलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मात्र वाटण्यासारखं होतं. अरविंद तिच्यासोबत शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम करत होता. दोघं ग्रंथालयात एकाच टेबलावर बसत आणि एकमेकांशी मुळीच बोलत नसत, यावरून सगळ्या वर्गाला कळलं होतं. त्याच्या घरून रीतसर मागणी आली. आईनं देवापुढे साखर ठेवली. ताई स्वयंपाकघरात जाऊन उगाच सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसली, निवडलेलाच पुन्हा निवडत होती. बाबूजींनी मुलाच्या वडिलांचं नाव विचारलं, सखारामजी. शेत कुठे ते विचारलं. आणि आई सांगत असतानाच त्यांचे डोळे चमकले.

"अरे, त्याहीचं शेत तं सतराव्या अन् एकोणिसाव्याच्या मधातच येते," ते म्हणाले.

ताईच्या हातातली सांबाराची काडी तिथेच राहिली. सडक त्या शेतातून गेलेली, म्हणजे शेताचा एक पट्टा सरकारी, आणि त्या पट्ट्यावर सखारामजींची विहीर आणि गोठा. हे त्यांच्या तोंडावर सांगणारा माणूस आमच्याच घरात, पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसलेला. मी त्या दिवसात ताईला फार बघितलं. ती भांडली नाही, रडली नाही. रोज सकाळी अंगण झाडताना फाटकाजवळ टेकवलेल्या त्या सळाखीकडे बघायची, बस.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आधी त्यांच्याकडे एक रीत होती. मुलगी पसंत झाली की दोन्ही घरच्यांनी शेतातल्या मारोतीजवळ रोडग्यांचं जेवण करायचं, मुलीनं मारोतीला तेल घालायचं, मग पुढचं. सखारामजींच्या घराण्यात सगळ्या सुना ह्या मारोतीसमोरून आलेल्या. चैत्रातला एक दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी आईनं सळाख उचलून कोठ्यात ज्वारीच्या पोत्यांमागे टाकली आणि बाबूजींसमोर येऊन उभी राहिली.

"उद्या तिथं सडकीचं नाव काढायचं नाई."

"मी खोटं बोलनार नाई," बाबूजी म्हणाले.

"खोटं नका बोलू. बोलूच नका."

"अन् कोनी इचारलं तं?"

आई आत गेली. ताई दारात उभी होती. तिनं बाबूजींकडे बघितलं आणि एवढंच म्हणाली, "बाबूजी, मले थे घर पाह्यजे." तिनं जन्मात त्यांच्याजवळ काही मागितलेलं मला आठवत नाही. बाबूजींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसती ऐकल्याची, हे त्यांच्या मानेवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

चैत्रात आमच्याकडची शेतं उघडी असतात. पीक निघालेलं, वखरलेली जमीन, वर ऊन. आम्ही बैलबंडीतून उतरलो आणि मला घाम फुटला तो उन्हानं नव्हे. त्या काळ्याभोर शेताच्या मधून एक फिकट राखाडी पट्टा सरळ गेलेला होता, आंधळ्यालाही दिसावा असा. गिट्टी वर आलेली. पट्ट्याच्या एका कडेला विहीर, पुढे गोठा, आणि त्याच्याही पुढे कडुलिंबाखाली शेंदरानं लालभडक झालेला मारोती. बाबूजी त्या पट्ट्यावरून चालले. खाली बघितलं नाही. ते कधी नव्हे ते आकाशातल्या ढगांकडे बघत होते, आणि आकाशात ढग एकही नव्हता. आई त्यांच्या मागे एखाद्या पोलिसासारखी चालत होती.

रोडग्यांचं जेवण ज्यानं खाल्लं नाही त्याच्याविषयी मला सहानुभूती आहे. गव्हाच्या जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, वरून काळे आणि आतून मऊ, मग राख झटकून, फोडून, त्यात तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि वरण. अरविंदचे काका आणि भाऊबंद सकाळपासून खपत होते. वारा सुटला होता, आर उडून कडब्याच्या गंजीकडे जायला लागला, तेव्हा त्यांनी गोवऱ्यांचा ढीग आडोशाला, थेट मारोतीच्या पुढ्यात सरकवला. देवाला काय आच लागते, असं कुणीतरी हसून म्हणालं. मारोती तसा बसकाच होता, गुडघ्याच्या वर येईल एवढा. वर्षानुवर्षं तेल आणि शेंदराचे थर चढून अंग असं फुगलेलं की हात कुठे, गदा कुठे हे भक्तीनंच ठरवावं. बाबूजी रिवाजाप्रमाणे त्याच्याकडे पाठ करून बसले. ह्या शेताच्या धुऱ्यावरून ते कितीदा दगड शोधत गेले असतील, पण देवाकडे बघायचंच नाही असा नेम असल्यावर काय सापडणार.

ताईला तेल घालायला बोलावलं. ती वाटी घेऊन उठली. तिनं वाकून धार सोडली, आणि आतून काहीतरी तडकल्यासारखा आवाज आला. आधी एक भेग पडली. मग मारोतीच्या अंगावरचा शेंदराचा सगळा पुढचा थर, गोवऱ्यांच्या आचेनं सुटलेला, एखाद्या दारासारखा पुढे आला आणि ताईच्या पायाशी पडून फुटला.

देवानं खोळ टाकली की चांगलं की वाईट, याविषयी आमच्याकडे दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांची माणसं तिथे हजर होती. एक म्हातारी आत्याबाई, सखारामजींची थोरली बहीण, तोंडाला पदर लावून म्हणाली की असं ह्या घरात कधी झालं नाई. सगळ्यांच्या नजरा ताईवर गेल्या. ती वाटी हातात धरून तशीच उभी, चेहरा पांढरा. अरविंद तिच्याजवळ जायला उठला तर त्याच्या काकानं त्याचा दंड धरला. आणि मग सगळ्यांनी देवाकडे बघितलं. आत मारोती नव्हता. घडीव दगड होता, वरून गोल केलेला, आणि त्यावर स्पष्ट, खोल कोरलेलं: वर्धा, आणि खाली अठरा.

आईनं डोळे मिटून घेतले. बाबूजी आवाजानं वळले होते. ते उठले. दगडापर्यंत आले. सखारामजींच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आमच्या बाबूजींची ख्याती त्यांच्याही कानावर गेलेली असणार. पहिल्या स्थळाच्या गोठ्याची कथा अख्ख्या तालुक्यानं चवीनं ऐकली होती. त्यांनी घसा खाकरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, कारण न विचारणं त्याहून वाईट दिसलं असतं.

"तुमी ओळखता का ह्या गोट्याले?"

"ओळखतो," बाबूजी म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते आमच्यापैकी कुणाच्याही हिशेबात नव्हतं. त्यांनी बूट काढले. राखेत, तेलात, फुटलेल्या शेंदरात मांडी घालून बसले आणि उजव्या हाताच्या बोटानं तो आकडा गिरवला. आधी एक, मग आठ. आठाच्या वळणावर बोट हळू झालं. पुन्हा गिरवला. मग दोन्ही हात जोडले आणि कपाळ दगडाला लावलं. बोलले ते आमच्याशी नाही, दगडाशी बोलल्यासारखं.

"माह्या मायले मोटारीत टाकून नेलं तवा मी मांगं धावलो. ह्या गोट्याजवळ पडलो. थे खिडकीतून वरडली, इथंच बसजो, मी येतोच. मी बसलो. वाचता येत नोतं, बोटानं गिरवत बसलो. संध्याकाळी मोटार वापस आली. थे नाई आली."

गोवऱ्यांचा धूर आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांत जात होता, ही त्या दिवशीची मोठीच सोय झाली. मला माझ्या वडिलांचं वय पहिल्यांदा कळलं. इतके रविवार आम्ही ज्याला खूळ म्हणून हसलो, ते एका लेकराचं वाट बघणं होतं. मला तेव्हा त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं फार वाटलं आणि मी गेले. ताई आधीच तिथे होती.

आत्याबाई उठली, गुडघ्यावर हात देत आली, आणि देवानं खोळ टाकली ती पोराले माय दाखवाले टाकली, असा निकाल तिनं देऊन टाकला. तिच्या निकालावर अपील नसे. दोन्ही मतांची माणसं एका मताची झाली. सखारामजींनी शेंदूर आणि तेल मागवलं. ताम्हण आलं. पूजेचा मान ज्याचा, तो त्यांच्यातला एक वडीलधारा पुढे सरकला, तर सखारामजींनी त्याला थांबवलं आणि ताम्हण बाबूजींपुढे ठेवलं.

"तुमीच लावा, व्याही," ते म्हणाले.

व्याही. ताईनं ते ऐकलं. बाबूजींनी तेलात शेंदूर कालवला. आयुष्यात देवाला न शिवलेला माणूस, पण हात जराही अडखळला नाही. आधी वर्धा झाकलं, मग एक, आणि सगळ्यात शेवटी आठ. जो आकडा शोधण्यात माझं सगळं बालपण पायाखाली गेलं, तो आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं बुजवला, आणि त्यात एका शब्दाचंही खोटं नव्हतं. मग आम्ही रोडगे खाल्ले. जरा करपले होते.

ताई त्या घरात नांदली, आजही नांदते आहे. पुष्कळ वर्षांनी तिनं मला सांगितलं की तो दगड आहे हे सखारामजींना चांगलं ठाऊक होतं. मोटार बंद झाली त्या साली त्यांच्याच वडिलांनी त्याला शेंदूर फासला होता. दगड उपटला असता तर सरकारनं कधीतरी विचारलं असतं, देवाला कोण विचारतं. म्हणजे त्या दिवशी शेतात दोन माणसांना सगळं ठाऊक होतं, आणि दोघांनीही व्याही होऊन वेळ साजरी केली. त्यातला एक नंतर दर हनुमान जयंतीला त्या शेतात जायचा, तेल घालायचा, आणि पाठ न करता समोर बसायचा. आता तिथे टाइल्स लावलेलं छोटं देऊळ आहे, लोखंडी फाटक आहे, भोंगा आहे. त्या उडत्या यंत्रानं वरून पत्रे तेवढे टिपले.

त्या रोडग्यांच्या जेवणानंतरच्या रविवारी मी सकाळी सवयीनं कॅनव्हासचे बूट शोधून बाबूजींच्या खुर्चीजवळ ठेवले. ते बसूनच राहिले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्यांच्याकडे, बुटांकडे, फाटकाकडे बघितलं.

"आज सडक नाई का?" तिनं विचारलं.

"सापडली," बाबूजी म्हणाले.

आईनं पाटा धुऊन मांडला, खोबरं भाजायला घेतलं, आणि मला पिशवी देऊन मटण आणायला पाठवलं.